गदगची सरस्वती

सोलापूर,
कार्तिक पौर्णिमा

प्रिय शिरीष,

काल रात्री गदगहून परतलो. विजापूर, बागलकोट, बदामी करत गाडी थेट तिथं जाते. निघालो होतो गायक भीमसेन जोशींचं लहानपणीचं गाव बघायला. १९२२ साली ते त्या भागात जन्मले आणि अकराव्या वर्षी गुरू शोधायला घरातून निघाले, हे तंबोरा जुळवता जुळवता तूच मला सांगितलं होतंस. पण त्रिकूटेश्वराच्या देवळात शिरलो आणि गाव बघायचं राहूनच गेलं.

एकाच पीठावर तीन लिंगं, म्हणून त्रिकूटेश्वर. त्याच आवारात सरस्वतीचं वेगळं देऊळ आहे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. आत पाऊल टाकलं की आधी खांबच अडवतात. दगड काळसर, नरम जातीचा, छिन्नीला वश होणारा. बोटभर जागेत मण्यांची ओळ, तिच्याखाली वेल, मग इवलेसे कोनाडे आणि त्यांत बसलेल्या आकृत्या. एकाच खांबाभोवती मी किती फेऱ्या मारल्या कोण जाणे.

मग ती दिसली. आसनावर स्थिर बसलेली, अंगभर दागिने, सगळं निगुतीनं कोरलेलं. आणि हात तुटलेले. शिरीष, 'या वीणावरदण्डमण्डितकरा' ओठांवर आलं ते तिथंच थांबलं. वीणा नाही, पुस्तक नाही, जपमाळ नाही. आपल्याकडे भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतात. ही मात्र आठ-नऊशे वर्षांनंतरही आपल्या घरात आहे. मला भरून आलं.

आणि आठवली दसऱ्याची पाटी. एकाचे आकडे जोडून आपण काढायचो ती सरस्वती! तिला तरी कुठे हात होते, कुठे वीणा होती? तुझ्या आईनं दोघांच्या पाट्या एकाच पाटावर मांडल्या होत्या, झेंडूची फुलं वाहून. आपण डोळे मिटून नमस्कार केला, तेव्हा त्या रेघांमध्ये काही कमी आहे असं वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या लक्कुंडीला गेलो. तिथं अत्तिमब्बे नावाच्या जैन बाईनं १००७ साली बांधलेली बसदी, म्हणजे जैन मंदिर, आहे. ही बाई विलक्षण. पोन्न या कन्नड कवीचं शांतिपुराण नाहीसं होऊ नये म्हणून तिनं त्याच्या ताडपत्रावर हजार प्रती करवून घेतल्या. हजार, शिरीष! एकेक अक्षर हातानं कोरून. गदगच्या सरस्वतीचे गेलेले हात मला तिथं सापडल्यासारखे वाटले.

तेव्हापासून तुझ्याकडची गुरुजींची गाण्याची वही डोळ्यांपुढून हलत नाही. कोपरे ओल धरून काळे पडलेत, भूप रागाच्या चिजांवरची पेन्सिल तर गेल्या खेपेला मला उजेडात धरून वाचावी लागली होती. मी मार्गशीर्षात चार दिवस येतो. तू म्हणून दाखव, मी उतरवून घेतो. जिथं अक्षर लागणार नाही तिथं तुझा गळा सांगेल. दोन कोऱ्या वह्या आजच आणून ठेवल्यात, एक तुझ्याकडे राहील, एक माझ्याकडे.

तोवर ती वही खिडकीजवळच्या फडताळातून काढून वरच्या कपाटात ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिनू