अथर्व इकडे येण्याआधी

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
शि. सा. नमस्कार.

जर्मनीत गांजा चालतो हे ऐकून तुम्हाला घोर लागलाय, म्हणून नीट लिहितो. पत्र अथर्वलाही वाचायला द्या.

१ एप्रिल २०२४ पासून इथे अठरा वर्षांवरच्या माणसाला बाहेर २५ ग्रॅम आणि घरी ५० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगता येतो. पण तो दुकानात मिळत नाही. घरी तीन रोपं लावायची, नाहीतर सभासदांपुरता गांजा पिकवणाऱ्या क्लबचं सभासद व्हायचं, आणि क्लबसाठी सहा महिन्यांचं वास्तव्य लागतं. बागेत कोणी विकत असेल तर तो विकणारा गुन्हेगारच, आणि त्याच्या पुडीत काय मिसळलंय हे कोणालाच ठाऊक नसतं. एकविसाच्या आतल्या ड्रायव्हरच्या रक्तात तर त्याचा अंशही चालत नाही.

सुट्टीला घरी येताना मात्र चिमूटभरही बरोबर नको. आपला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ चा. एक किलोच्या आतला गांजा 'अल्प प्रमाण' धरला, तरी वर्षभर सक्तमजुरी होऊ शकते. बॅगेत माल सापडला की तो आपल्याला माहीत नव्हता हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं. म्हणून दुसऱ्याचं पार्सल घ्यायचं नाही, मित्राचंही नाही.

कायद्यापेक्षा मला शरीराची काळजी जास्त आहे. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, केकमधून खाल्लेला अर्ध्या ते दोन तासांनी. 'काहीच होत नाही' म्हणून पोरं आणखी एक तुकडा खातात आणि मग दोन्ही एकदम चढतात: धडधड, भीती, ओकाऱ्या, तेही कित्येक तास. रोज कडक गांजा ओढणाऱ्या तरुणांना भास-भ्रमाचे आजार जडण्याचा धोका वाढतो.

कोकेन आणि एमडीएमए (पार्ट्यांतली 'एक्स्टसी'ची गोळी) नाडी, रक्तदाब आणि अंगातली उष्णता वाढवतात. कोकेनवर दारू प्यायली की यकृतात कोकाएथिलीन तयार होतं, ते जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला जास्त जाचतं. एमडीएमए घेऊन भसाभसा पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरून फिट येते.

सगळ्यांत जीवघेणी म्हणजे गुंगी आणणारी: हेरॉइन, फेंटानिल (अफूसारखंच पण फार कडक वेदनाशामक), अल्प्राझोलामसारख्या चिंता-झोपेच्या गोळ्या, आणि त्यांच्या जोडीला दारू. प्रत्येकाने श्वास मंदावतो, एकत्र घेतली तर तो थांबतो. माणूस खरखर घोरतोय, ओठ निळसर पडलेत, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, आणि मित्र म्हणतात, झोपू दे त्याला. तसं कधीही झोपू द्यायचं नाही. हलवून उठला नाही तर लगेच ११२ या तातडीच्या नंबरवर फोन करायचा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं, म्हणजे ओकारी घशात अडकत नाही. बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करायची. नॅलोक्सोन या उतारा-औषधाचा नाकातला फवारा फक्त अफूच्या जातीच्या नशेवर चालतो आणि त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो. आत राहिलेली नशा मग पुन्हा श्वास दाबते, म्हणून माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्यायचाच. काय घेतलं ते डॉक्टरांपासून लपवायचं नाही.

आता तुमच्याकडचं काम. कोडीन (अफूच्याच जातीचं द्रव्य) असलेलं खोकल्याचं औषध बरोबर देऊ नका. डॉक्टरांनी झोपेच्या किंवा दुखण्याच्या कडक गोळ्या दिल्या असतील, तर त्या मूळ पाकिटातच ठेवा आणि जास्तीत जास्त तीस दिवसांच्याच द्या. सोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हवं: औषधाचं मूळ नाव, रोजचा डोस, एकूण गोळ्या, सही आणि शिक्का. व्हिसाच्या कागदांबरोबरच हेही उरकून घ्या.

कळावे,
तुमचा धाकटा