मार्टिन गार्डनर यांच्या सदरातील वाचक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मनोरंजक गणितावर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर (१९१४–२०१०) यांची ओळख बहुतेकदा ‘कोडी रचणारे गृहस्थ’ एवढ्यावरच आटोपली जाते. ती मला अपुरी वाटते, कारण त्यांच्या लेखांतील पुष्कळशी कोडी मुळात इतरांची असत आणि ज्याचे श्रेय त्याला ते आवर्जून देत. १९५७ पासून सुमारे पाव शतक ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांचे सदर चालले. शिक्षण मात्र शिकागो विद्यापीठात, तेही तत्त्वज्ञानाचे. गणिताची पदवी त्यांच्याकडे नव्हती. विषय समजायला आपल्याला वेळ लागतो, म्हणूनच तो वाचकाला कसा समजावावा हे कळते, असे ते सांगत.

त्यांनी लोकप्रिय केलेले एक जुने कोडे पाहावे. बुद्धिबळाच्या पटाची तिरपी समोरासमोरची (एकाच कर्णाच्या टोकांची) दोन कोपऱ्यांतली घरे कापून टाकली, तर उरलेल्या ६२ घरांवर प्रत्येकी शेजारशेजारची दोन घरे व्यापणाऱ्या ३१ सोंगट्या बसतील का? तासभर जुळवाजुळव करूनही त्या बसत नाहीत, पण आपण कमी पडलो की ते अशक्यच आहे, हे त्यातून कळत नाही. कापलेली दोन्ही घरे एकाच रंगाची असतात आणि प्रत्येक सोंगटी एक काळे व एक पांढरे घर झाकते, एवढे ध्यानात आले की ३२ विरुद्ध ३० असा हिशेब उरतो आणि प्रश्न मिटतो. ना सूत्र, ना आकडेमोड, तरीही ही शंभर नंबरी सिद्धता आहे.

त्यांचे वाचकही नुसती उत्तरे पडताळणारे नव्हते. एप्रिल १९७५ च्या अंकात त्यांनी, लगतच्या प्रदेशांना वेगवेगळे रंग देत चार रंगांत रंगवता न येणारा नकाशा सापडल्याची थाप मारली, तेव्हा अनेकांनी तो चार रंगांत रंगवून परत पाठवला. त्याच वर्षी जुलैत, एकाच प्रकारच्या बहिर्वक्र (कुठलाही कोपरा आत न वळलेल्या) पंचकोनांनी फट न ठेवता पृष्ठभाग कसा भरता येतो, याविषयी त्यांनी लिहिले. तज्ज्ञांच्या मते अशा पंचकोनांची यादी तोवर पूर्ण झालेली होती. एका वाचकाने तीत नसलेला प्रकार शोधून पाठवला आणि गार्डनर यांनी तो प्रसिद्ध केला. ते वाचून सॅन डिएगोतील मार्जोरी राइस या शाळेपुरते गणित शिकलेल्या गृहिणीने स्वतःची चिन्हपद्धती बनवली, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कोणी आले की झाकून ठेवत, आकृत्या काढल्या आणि आणखी चार प्रकार शोधले. गार्डनर यांनी त्यांचे पत्र ‘हौशी माणसाचे’ म्हणून बाजूला न टाकता जाणकार गणितज्ञाकडे पाठवले. माझ्या मते त्यांचे मोठेपण या कृतीत अधिक दिसते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या संख्याशोधांवरही त्यांनी १९७५ मध्येच लिहिले, आणि त्या लेखामुळे कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले, हे तर आपल्याकडे अधिक ठाऊक असायला हवे.

म्हणून एक विनंती. वृत्तपत्रांतील कोड्यांखाली उत्तराचा नुसता आकडा छापलेला असतो. तेच उत्तर का, हे दोन-चार ओळींत द्यावे, अधूनमधून पूर्ण न सुटलेला प्रश्नही द्यावा आणि वाचकांनी वेगळ्या रीतीने केलेली उकल त्यांच्या नावानिशी छापावी.

आपला,
एक नियमित वाचक