चिऊच्या रात्रीच्या पट्ट्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

चिऊच्या डोक्याला रात्री पट्टा लावायचा हे तुम्हा दोघांना पटलेलं नाही, असं दादा म्हणाला. ‘दात तर सरळ आहेत पोरीचे, मग हा जाच कशाला?’ हा आईचा प्रश्न रास्त आहे. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. दादा-वहिनी उशिरा घरी येतात, संध्याकाळभर ती तुमच्याजवळ असते. त्यामुळे या उपचाराची निम्मी मदार तुमच्यावरच आहे.

तिचे दात सरळ आहेत हे खरं. अडचण चेहऱ्याच्या वाढीच्या दिशेत आहे. तो पुढे कमी आणि खाली जास्त वाढतोय. ती टीव्ही बघत बसली असेल तेव्हा एकदा निरखून बघा. ओठ आपोआप मिटत नाहीत. मुद्दाम मिटवले की हनुवटीची कातडी आक्रसून तिच्यावर बारीक खळगे पडतात. हसताना वरची हिरडी बरीच दिसते. आणि दाढांवर दाढा टेकल्या तरी पुढचे दात एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये फट राहते. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर, म्हणजे सेफॅलोग्रामवर, कवटीचा तळ आणि खालच्या जबड्याची कड यांच्यातला कोन मोजतात. तो सरासरी 32 अंश असतो, चिऊचा 40 आहे.

याचं मर्म मागच्या दाढांमध्ये आहे. कात्रीच्या खिळ्याजवळ काडी अडकली तर टोकं किती फाकतात, ते आठवा. जबड्याचा सांधा कानापुढे असतो आणि दाढा त्याच्या जवळ. वरच्या दाढा 1 मिलिमीटर जास्त खाली उतरल्या, तर पुढच्या दातांमध्ये 2 ते 3 मिलिमीटर फट पडते, आणि हनुवटी खाली आणि मागे फिरते. बाबांना तिची हनुवटी लहान वाटते ती यामुळेच. डेन्मार्कच्या आर्ने ब्यॉर्क यांनी मुलांच्या जबड्यांत धातूच्या बारीक खुणा बसवून वर्षानुवर्षं एक्स-रे काढले, तेव्हा वाढता जबडा असा फिरतो हे स्पष्ट दिसलं. हेच गणित उलटंही चालतं. वाढीच्या वयात दाढांना खाली उतरू दिलं नाही, तर हनुवटीला पुढे यायला वाव मिळतो. पट्ट्याचं सगळं काम एवढंच आहे.

मिलिमीटर-दोन मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप, असं वाटेल. पण इथे दाढांपाशी राखलेला प्रत्येक मिलिमीटर पुढे दुप्पट-तिप्पट होऊन मिळतो.

पट्टा डोक्याच्या वरच्या बाजूला बसतो आणि दाढांवरच्या नळ्यांत अडकवलेल्या तारेला ओढतो, त्यामुळे ओढ वर आणि मागे लागते. दर बाजूला साधारण 350 ते 450 ग्रॅम, दिवसातून 12 ते 14 तास. बाबा, तुम्ही शेजारच्या मुलाला मानेमागून पट्टा लावलेला पाहिलात आणि तो सुटसुटीत वाटला, हे मला कळलं. पण मानेकडची ओढ दाढांना खाली खेचते. ज्याचा चेहरा आखूड आहे त्याला ते चालतं, चिऊचं मात्र त्याने बिघडेल. तिच्या बाबतीत दाढा खाली ओढणारी कुठलीही गोष्ट टाळायची, वरच्या-खालच्या दातांना जोडणारी लांब रबरंसुद्धा जपून वापरायची.

आता वेळेचं. उगवत्या दातांची तासातासाने मोजणी झाली आहे. तीत ते साधारण रात्री 8 ते मध्यरात्र या वेळात हिरडीतून सर्वांत जास्त बाहेर येतात आणि दिवसा जवळजवळ थांबलेले असतात, असं दिसलं. म्हणून पट्टा झोपताना 11 वाजता नको, जेवण आणि दात घासणं उरकून 8 वाजताच लावायचा. हे तीन तास दिवसा भरून निघत नाहीत. सगळ्या पत्रातली ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी माझं काम झालं.

काढताना क्रम चुकवायचा नाही. आधी दोन्ही बाजूंचे पट्टे हुकातून सोडायचे, मगच तोंडातली तार दाढेवरच्या नळ्यांतून दोन्ही हातांनी बाहेर काढायची. पट्टा तसाच ठेवून तार ओढली आणि हातातून निसटली, तर ती चेहऱ्यावर आपटते. तिची टोकं तोंडातल्या जंतूंनी भरलेली असतात, डोळ्याला लागली तर साधा ओरखडाही झपाट्याने चिघळतो. तसं झालंच तर ‘उद्या बघू’ नको, तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तिच्या पट्ट्याला जास्त ताण पडला की आपोआप सुटणारी कळ आहे, तरी पट्टा लावून दंगामस्ती नाही. सकाळी तार सुटलेली दिसली, तर रागावू नका, मला कळवा. बहुधा नळीतली बसण सैल झालेली असते.

दुसरी वस्तू म्हणजे दाढांवर बसणारा प्लास्टिकचा ठोकळा, बाइट ब्लॉक. जबडा सैल असताना दाढांमध्ये असते त्या जागेपेक्षा तो 3-4 मिलिमीटर जाड ठेवतात. त्याने स्नायू ताणलेले राहतात आणि त्यांचा दाब दाढांना हिरडीतून आणखी बाहेर येऊ देत नाही. पहिला आठवडा ती बोबडं बोलेल, लाळ जास्त सुटेल. दोन्ही आपोआप जाईल. खरी मेख वेगळीच आहे. बाराव्या वर्षाच्या सुमाराला पहिल्या दाढेमागची दुसरी दाढ उगवते. ठोकळा तिच्यापर्यंत पोचत नसेल, तर ती मोकाट वाढते, पाचरीसारखी जबडा उघडते, आणि केलेलं सगळं वाया जातं. दुखत नसलं तरी ठरल्या तारखेला दाखवायला न्यायचं, ते यासाठी.

तिचं नाकही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं आहे. नाक चोंदलं की तोंड उघडं, जीभ खाली, दाढा सुट्या. तोंडाने श्वास घेतल्यानेच चेहरा लांबतो असं नाही, आनुवंशिक भाग मोठा असतो. पण अडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी, वाढलेले असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त हवा.

एवढ्याने पुरेसं आवरलं नाही, तर पुढे मिनी-स्क्रू आहेत. साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाड, 6 ते 10 मिलिमीटर लांब. जागा बधिर करून हाडात बसवतात, आणि त्यांच्या आधाराने दाढा 2 ते 4 मिलिमीटर वर, हाडात सरकवता येतात. ओढ फक्त गालाकडून दिली तर दाढ बाहेर कलते, तिची टाळूकडची टोकं खाली लोंबतात आणि फट होती तशी उघडते. म्हणून टाळूवरून आडवी तार किंवा तिथेही स्क्रू लागतो. स्क्रू कधी सैल होतो, मग दुसऱ्या जागी बसवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि एक स्पष्टच सांगते. हिरडी फारच दिसत राहिली, तर वाढ संपल्यावर वरचा जबडा वर उचलण्याची शस्त्रक्रिया लागू शकते. ती भरवशाची आहे आणि केलेला बदल टिकतो. आताचे प्रयत्न ती वेळ येऊ नये म्हणून आहेत, पण तसं वचन मी देणार नाही.

चेहऱ्याची रुंदी आधी थांबते, मग पुढच्या दिशेची वाढ, उंची सर्वांत शेवटी. मुलींमध्ये सतरा-अठरापर्यंत, कधी त्याहीपुढे. चौदाव्या वर्षी तारा निघतील, चेहरा छान दिसेल, आणि सगळे म्हणतील आता पुरे. बहुतेक ठिकाणी घात तिथेच होतो. रात्रीचा ठोकळ्याचा रिटेनर, म्हणजे झालेला बदल टिकवून ठेवणारा ठोकळा, त्यानंतरही चालू राहणार, हे तिच्या मनात आत्तापासून भरवा. तुमचं ती ऐकते.

बाबा, तासांची वही तुम्ही ठेवा. लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, बाकी काही नको. पुढच्या तारखेला वही, पट्टा आणि तार तिन्ही सोबत पाठवा. पट्ट्याची ओढ काट्यावर मोजून घ्यावी लागते, इलॅस्टिक वापरून सैल पडतं.

तुमची,
लेक