उतरायची वेळ आधी ठरवा, मग टेकडी चढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर-धुळे महामार्गावरचे प्रवासी संध्याकाळी येरमाळा, मांजरसुंबा भागात चहाला थांबतात आणि समोरची टेकडी बघून ‘तासाभरात जाऊन येऊ’ म्हणत निघतात. जावेच. उन्हे कलल्यावरचा बालाघाट डोंगररांगेचा उघडा माळ गाडीच्या काचेतून कळत नाही. पण टेकडी लहान म्हणून तयारी काहीच नसते आणि घोळ होतो तो उतरताना. म्हणून हे पत्र.

वेळेचा हिशेब सूर्यास्तापासून उलटा करावा. बीड परिसरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्यावर सातच्या जरा आधी. त्यानंतर पायाखालचा दगड दिसेल एवढा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे. पूर्वेच्या उतारावर आणि घळीत त्याहून कमी. सूर्य बुडताना आपण गाडीपाशी हवे. हाताशी तास असेल तर २५ मिनिटे चढ, १० मिनिटे विसावा, २५ मिनिटे उतार. पंचविसाव्या मिनिटाचा गजर मोबाइलवर लावा. तो वाजला की माथा हाकेच्या अंतरावर असला तरी तिथेच विसावा घेऊन फिरा. माथ्यावरूनच सूर्यास्त बघायचा असेल, तर येरमाळ्याच्या येडेश्वरीसारखी पायऱ्यांची टेकडी निवडा आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र बॅटरी ठेवा. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. हात अडकतो आणि फोन नेमका गरजेला बंद पडतो.

उतरायला वेळ कमी लागतो, हा समज इथे खोटा ठरतो. घट्ट मुरमावर सुटी बारीक खडी पसरलेली असते. ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडावा तसा तो सटकतो. नवखा माणूस भीतीने मागे रेलतो; मग तळव्यावरचा भार कमी होतो, पकड सुटते आणि तो पाठीवर आपटतो. गुडघे किंचित वाकवून, वजन पायावर ठेवून, आखूड पावले टाकत तिरके उतरावे. एकाच्या थेट खाली दुसऱ्याने चालू नये, वरून दगड सुटतात. तोल जाताना झुडूप धरायला हात जातो, आणि ते बहुधा काटेरी हिवराचे किंवा बाभळीचे असते.

वाट चुकण्याचे कारणही साधे आहे. माळावरच्या बहुतेक वाटा ढोरवाटा. चढताना त्या एकमेकींना मिळत माथ्याकडे जातात, त्यामुळे चुकायला होत नाही. उतरताना त्याच वाटा फुटत जातात आणि प्रत्येक फाट्यावर निवड करावी लागते. म्हणून चढतानाच दर फाट्याला मागे वळून बघा, तीन दगड एकावर एक रचा, येताना मोडून टाका. खूण म्हणून पवनचक्की धरू नका. रात्री त्यांचे लाल दिवे सारखेच दिसतात. गाडीजवळचे देऊळ किंवा ढाबा धरा.

प्रवासात गाडी थांबवावी लागू नये म्हणून लोक पाणी कमी पितात, म्हणजे चढायच्या आधीच शरीर कोरडे पडलेले असते. त्यात दिवसभर तापलेला काळा कातळ दिवस मावळल्यावरही धग सोडत राहतो. एप्रिल-मेमध्ये तासाभरासाठी माणशी एक लिटर पाणी घ्या, त्याखेरीज पेलाभर निघण्याआधीच प्या. चपला, सँडल नकोत. कुसळे आणि सराटे पाय टाकू देत नाहीत.

फुरशाबद्दल थोडे सविस्तर. हात-दीड हाताचा हा साप मुरमाच्याच रंगाचा, दिवसा दगडाखाली असतो आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. बसण्याआधी दगड काठीने ठोका, कपारीत हात घालू नका. करवतीसारखी खरखर ऐकू आली तर जागीच थांबा, आवाज कुठून येतो ते बघून मागे सरा. दंश झालाच तर अंगठी, पैंजण, बूट काढा, पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, चालवू नका. आवळपट्टी, चिरा, चोखणे यांपैकी काही नको. १०८ ला फोन करा किंवा उचलून सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावरची लस, म्हणजे प्रतिविष, हाच इलाज आहे.

अवकाळीच्या दिवसांत विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप बघूनच निघा. उघड्या माळावर सगळ्यांत उंच आपणच असतो. गडगडाट ऐकू आला की माथा सोडून गाडीत बसा, एकट्या झाडाखाली नव्हे. आणि गाडी वाळल्या गवतावर लावू नका. तापलेल्या सायलेन्सरने वणवा पेटतो, गावाचा वर्षाचा चारा जातो.

महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींना आणि वन विभागाला विनंती आहे, की अशा प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी एक फलक लावावा. त्यावर जाऊन-येऊन लागणारा वेळ, महिन्यागणिक चढाईची शेवटची वेळ आणि सर्पदंशाची लस असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे अंतर एवढेच असले तरी पुरे.

आपले,
बालाघाटात नेहमी भटकणारे काही वाचक, बीड