बोटीला गच्ची हवी का?

सोलापूर
१८ एप्रिल

प्रिय दिगू,

स. न. वि. वि. लिहिलं तर तू पत्र न वाचताच ठेवून देशील, म्हणून सरळ विचारतो. का बे, कसा आहेस? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून शेवटी कागद काढला. रात्रीचे दहा वाजलेत. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारलं तरी फरशी अजून पायाला चटके देते. उन्हाळ्यात इथं काय होतं ते तुला सांगायला नको.

तू घ्यायची म्हणतोस त्या बोटीचे, तू पाठवलेले बारा फोटो पाहिले. पाहिले म्हणजे मोजलेसुद्धा. त्यातले नऊ त्या वरच्या मजल्याचे आहेत: पांढऱ्या गाद्या, छोटं स्टिअरिंग, वर निळं कापडी छत, मागं समुद्र. दोन फोटो बोटीचे लांबून काढलेले. एक तुझाच, गॉगल लावून. इंजिनाचा एकही नाही. सव्वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये घाम गाळलेल्या मित्राला तू हे दाखवतोस!

तर विषय तो वरचा मजला, फ्लायब्रिज. मी त्याला गच्चीच म्हणतो. आपल्याकडं घर बांधताना जसं होतं तसंच हे. बायकोला स्वयंपाकघर मोठं हवं असतं, बापाला पायऱ्या कमी हव्या असतात आणि आपल्याला गच्ची हवी असते. मग वर्षातले दोन महिने, तेही रात्री, आपण गच्चीवर झोपतो आणि उरलेले दहा महिने तिथून खाली काय गळतं ते शोधतो.

आधी तिची बाजू मांडतो, नाहीतर म्हणशील हा मूळचाच खडूस. जहाजावर असताना ड्यूटी संपली की मी सगळ्यात वर, चुंबकीय होकायंत्र असतं त्या छपरावर जाऊन बसायचो. खलाशी त्याला मंकी आयलंड म्हणतात. इंजिनाचा आवाज खाली राहतो, वारा लागतो, सगळं पाणी दिसतं. म्हणजे ओढ मला कळते. आणि ती नुसती हौस नाही. पाण्यापासून १.८ मीटरवर डोळे असतील तर क्षितिज पावणेतीन सागरी मैलांवर असतं, ४ मीटरवर गेलास की चार मैलांच्या पलीकडं. त्याहून मोठा फायदा जवळचा आहे. वेग घेताना छोटी बोट नाक वर काढते, तेव्हा खालच्या स्टिअरिंगवर बसलेल्याला समोर नुसतं आभाळ दिसतं. वरून नाकापुढचं पाणी दिसतं. तुमच्या भागात कोळ्यांची जाळी आणि त्यांचे थर्माकोलचे तुकडे बांधलेले दोर कुठंही असतात. ते वरून वेळेत दिसले तर बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखा वाचतो. उथळ पाण्याचा रंगही वरून ओळखू येतो. हे सगळं खरं आहे.

आता तुझी बोट ३२ फुटी आहे, आणि इथंच घोडं अडतं. बोट लहान केली म्हणून माणूस लहान होत नाही. केबिनमध्ये उभं राहायला डोक्यावर जेवढी जागा ४५ फुटी बोटीत लागते, तेवढीच ३२ फुटीत लागते. म्हणून गच्चीची फरशी दोन्हींत जवळपास सारख्याच उंचीवर येते. रुंदी मात्र कमी होते. ४५ फुटी बोट साधारण ४.३ मीटर रुंद असते, तुझी ३.३ च्या आसपास असेल. आडवं न होण्याची बोटीची ताकद रुंदीच्या घनाप्रमाणे वाढते. ४.३ ला ३.३ ने भाग आणि घन कर, सव्वादोन पट येतं. लांबीचा फायदा वेगळाच. म्हणजे गच्ची तेवढीच उंच, पण ती पेलणारी कंबर निम्म्याहून बारीक.

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच काठ्यांचे नंदीध्वज पेलताना तू पाहिले आहेस. तुझ्या दादांनी तर पेललेत. बाराबंदी घातलेले पेलणारे चालत असतात, खाली हातात बोटभर झोल गेला की वर शेंडा हातभर जातो आणि बघणाऱ्यांचा श्वास अडकतो. बोटीचंही तेच गणित आहे. बोट १५ अंश कलली आणि तशीच उलट बाजूला गेली, तर ४ मीटरवर बसलेला माणूस इकडून तिकडं दोन मीटर फेकला जातो. खाली दीड मीटरवर बसलेला पाऊण मीटर हलतो. समुद्र एकच, लाट एकच. वरच्याला उलटी, खालच्याला चहा.

माणसांचं वजन हा पुढचा भाग. पार्टी म्हटली की सगळे वर, हे मी प्रत्येक बोटीवर पाहिलंय, वडापच्या टपावर बसतात तसे. सत्तर किलोची पाच माणसं मागच्या डेकवरून वर गेली तर सहा टनांच्या बोटीचा गुरुत्वमध्य साधारण १३ सेंटीमीटर वर सरकतो. कागदावर १३ म्हणजे काहीच नाही वाटतं. आणि ती पाच माणसं डॉल्फिन दिसला म्हणून एकाच कठड्याला धावली की मग कळतं. यासाठीच युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवर पाटी असते. तिच्यावर अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. क वर्ग म्हणजे वारा ब्यूफोर्टच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या मापाच्या, सहाव्या पायरीपर्यंत आणि लाट दोन मीटरपर्यंत. ब वर्ग आठव्या पायरीपर्यंत आणि चार मीटरपर्यंत. त्याच बोटीला खवळलेल्या पाण्याच्या वर्गात माणसं कमी दिलेली असतात आणि शांत पाण्याच्या वर्गात जास्त. गच्चीवर किती बसायचे ते पुष्कळदा मालकाच्या पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं. विकणारा नेहमी मोठा आकडा सांगतो.

वाऱ्याचंही थोडं. २० नॉटचा, म्हणजे तासाला वीस सागरी मैलांचा, वारा एका चौरस मीटरला साधारण साडेसहा किलोनं ढकलतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट. गच्चीचा कठडा, काच आणि ते निळं छत मिळून चार चौरस मीटर धर. म्हणजे जेट्टीला लागताना कुणीतरी सिमेंटचं अर्धं पोतं बोटीच्या डोक्यावरून सतत एका बाजूला रेटतंय. तू वर, दोर टाकणारा खाली मागं, तो ओरडतो ते तुला ऐकू येत नाही, आणि मागचा कोपरा छतामुळं दिसत नाही. नांगरावरसुद्धा अशी बोट सरळ उभी राहत नाही, गायीसारखी इकडून तिकडं डोलत राहते.

वाऱ्याची भीती मी पुस्तकातून घेतलेली नाही. आपल्या उजनीत मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तिला गच्चीबिच्ची काही नव्हती. धरणाचं पाणी, ओळखीचा काठ, आणि तरी. मी त्या आठवड्यात भिगवणकडं जाणार होतो. गेलो नाही.

आता माझी फजिती सांगतो, हसू नकोस. मुंबईतल्या एका ओळखीच्या गृहस्थांची ३३ फुटी फ्लायब्रिज बोट. डिसेंबरची सकाळ, पाणी आरशासारखं. आम्ही सहा जण वर, मांडव्याकडं जाताना गाणी, वडापाव, सगळं. मीही खूश. दुपारी दोननंतर वायव्येचा वारा सुरू झाला, तिकडं हिवाळ्यात दुपारी होतो तसाच. परतताना लाटा आडव्या. पंधरा मिनिटांत एकेक जण ती उभी शिडी पकडून, पोट आवळत खाली गेला. मग तोंडावर खारं पाणी यायला लागलं. वरच्या काचेला वायपर नसतो. मालक म्हणाले, खालून चालवू. खालचा गिअरचा दांडा हलेना! दोन वर्षं खालून कुणी चालवलंच नव्हतं. केबलमध्ये मीठ आणि गंज. खालचा वायपरही मेलेला. शेवटी ते एकटेच वर भिजत, एका हातानं छताचा पाइप धरून, तास-दीड तास बोट घेऊन आले. मी खाली बादली धरून होतो. कुणासाठी ते सांगत नाही.

तेव्हा लक्षात आलं की दुसरं स्टिअरिंग म्हणजे दुप्पट सोय नाही, दुप्पट देखभाल. दोन दांडे, दोन जोड केबल, काट्याच्या मीटरांचे दोन संच, आणि वरचे मीटर उन्हात भाजलेले. स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर तेल सगळ्यात वरच्या चाकापाशी भरायचं, हवा तिथं जमते. हे ज्याला माहीत नाही तो खालून तेल घालत बसतो आणि चाक पोकळ फिरतंय म्हणून मेकॅनिक बोलावतो. वरून खाली ताबा घेताना दोन्ही दांडे न्यूट्रलला आहेत ना ते बघायचं, ही सवय लावून घ्यावी लागते.

आणि गळती. इथं माझ्या घरच्या गच्चीच्या कोपऱ्यात केसाएवढी एक चीर आहे. तीन पावसाळे मी ती बुजवतोय. पाणी आत शिरतं एकीकडं आणि टपकतं दिवाणखान्यात, पंख्याच्या हुकापाशी. बोटीच्या गच्चीवर अशा चिरा नसतात, स्क्रू असतात. खुर्चीचे, कठड्याचे, छताच्या पायांचे, शंभरेक. प्रत्येक स्क्रूखालचं सील उन्हानं कडक होतं. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड असेल तर पाणी तिथं मुरतं आणि वरून सगळं चकचकीत दिसत राहतं. म्हणून तू जाशील तेव्हा खिशात प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी ने. खुर्च्यांच्या आजूबाजूला हलकं ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक. मध्येच भद्द वाजलं तर विकणाऱ्याकडं न बघता थेट खाली जा आणि त्याच जागेखालचं केबिनचं छत बघ, पिवळा डाग असेलच. गच्चीचं पाणी जाणारे पाइपही बघ, त्यात पक्ष्यांची घाण बसते.

खर्चाचं एकच सांगतो. जूनआधी बोट पाण्याबाहेर काढणार, शेडमध्ये नेणार. गच्चीसकट ट्रेलरवर ती किती उंच होते, तुझ्या गल्लीतल्या विजेच्या तारा किती उंच आहेत आणि शेडचं दार केवढं आहे, हे आधी टेपनं मोज. खाडीवरच्या पुलाखालून भरतीला जाणार असशील तर तेही.

मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. तू म्हणालास, आईला समुद्र दाखवायचा आहे. काकू ब्याऐंशीच्या. ती शिडी फोटो क्रमांक सातमध्ये आहे. जवळजवळ उभी, पायऱ्या बोटाएवढ्या रुंद. काकू चढतील? वहिनींचे गुडघे चढतील? म्हणजे तुम्ही सगळे वर आणि काकू खाली एकट्या, डिझेलच्या वासात. जिच्यासाठी बोट, तीच खाली.

४५ फुटांच्या पुढं जाणार असशील, नीट जिना असेल आणि नांगर टाकून दिवसदिवस बसायचं असेल, तर गच्ची घे. मी स्वतः सगळ्यात आधी वर जाऊन बसेन. पण ३० ते ३५ फुटांत, अलिबाग ते मुंबई अशा दीड-दोन तासांच्या खेपांना, मी पक्कं छप्पर असलेली एकमजली बोट घेईन. हार्डटॉप म्हणतात तिला. सावली मिळते, काचेला वायपर असतो, चारी कोपरे दिसतात आणि सगळे एकाच पातळीवर गप्पा मारतात. पुढचं पाणी दिसावं म्हणून स्टिअरिंगपाशी उंच खुर्ची आणि मागं ट्रिम टॅब (बोटीच्या शेपटाला पाण्यात वरखाली होणाऱ्या पट्ट्या) लावून घे, म्हणजे नाक खाली राहील. वरून दिसतं तेवढं नाही दिसणार, ते मान्य.

तरीही हीच घ्यायची असं डोक्यात बसलं असेल (बसलं असणार, तुला मी तिसरीपासून ओळखतो), तर एक कर. जेट्टीला दोर ढिले ठेवून बोट हलव आणि एक हेलकावा पूर्ण व्हायला किती सेकंद लागतात ते मोज. मग परवानगी आहे तेवढीच माणसं वर बसवून पुन्हा मोज. हेलकावा पाळण्यासारखा सुखद आणि सावकाश झाला तर विकणारा म्हणेल, बघा किती स्मूथ. तो आळस वाईट. पटकन झटक्यानं सरळ होणारी बोट अंगाला त्रास देते, पण सरळ होते.

शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं पार्सल उद्या टाकतो. चटणी या वेळी तिखट झालीय. काकूंना माझा नमस्कार सांग. त्यांना फोटो दाखवलास का आणि त्या काय म्हणाल्या, ते तेवढं कळव.

आणि त्या पाटीचा फोटो पाठव. इंजिनाचाही, एक तरी.

तुझा,
बंडू