बालेवाडीतून गेलेली स्पर्धा

महोदय,
पुण्याची एटीपी (व्यावसायिक पुरुष खेळाडूंची) टेनिस स्पर्धा गेली, त्याची हळहळ फारशी कुठे उमटली नाही. १९९६ साली दिल्लीत सुरू झालेली ही स्पर्धा पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली आणि तिथे चांगली रुजली. स्वित्झर्लंडच्या वावरिंकाने ती चारदा जिंकली. २००८ मध्ये उपांत्य सामन्यात आपल्याच देशाच्या मोयाशी जवळपास चार तास झुंजून थकलेल्या स्पेनच्या नदालला अंतिम सामन्यात रशियाच्या युझ्नीने ६-०, ६-१ असं लोळवलं! २०१८ ते २०२३ ती पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात होती (२०२१ कोरोनात गेलं). आमच्या परभणीत टेनिसचा चेंडू गल्लीतल्या क्रिकेटलाच लागतो. तरी रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी पुणे. राज्य सरकारने ही स्पर्धा परत आणावी आणि मराठवाड्यातल्या शाळकरी पोरांसाठी थोडी तिकिटं राखून ठेवावीत.
– एक वाचक, परभणी