सोमवारी निघ, माथेरान तुझंच आहे

दादर, मुंबई

प्रिय शिरीष,

काकूंना घेऊन जानेवारीत दोन दिवस शांत, थंड आणि खिशाला झेपेल अशा जागी जायचं म्हणतोस, तर लांबचे नकाशे कशाला धुंडाळतोस? माथेरानला जा. तिथे गर्दी आणि महागाई, हे तुझं म्हणणं शनिवार-रविवारपुरतं खरं आहे. सोमवारी सकाळी निघ आणि बुधवारी दुपारी परत ये. या दिवसांत खोल्या रिकाम्या असतात, भाडं उतरलेलं असतं आणि फोनवर थोडी घासाघीसही चालते. प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेली सुट्टी तेवढी टाळ.

लोकल कर्जतची किंवा खोपोलीची धर. बदलापूरची गाडी अलीकडेच संपते आणि कसाऱ्याची कल्याणनंतर दुसऱ्या वाटेला लागते. दादरहून नेरळ पावणेदोन तासांच्या आसपास. सकाळची गर्दी मुंबईकडे येणारी असते, त्यामुळे उलट्या दिशेला काकूंना बसायला जागा मिळेल.

नेरळहून मिनी ट्रेनने जायचा मोह होईल. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ मध्ये पुरी केलेली ही दोन फुटी रुळांची गाडी डोंगराला वळसे घेत हळूहळू उंची गाठते, म्हणून वीसेक किलोमीटरला अडीच तासांहून जास्त लागतात. डबा अरुंद, पाय लांब करायला जागा नाही. काकूंच्या दुखऱ्या गुडघ्यांना हे सोसणार नाही. स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यावर जा. तिथे माणशी प्रवेशकर भरायचा आणि पुढे मोटारगाडी जात नाही.

खर्च वाढतो तो इथे. उतरल्या उतरल्या घोडेवाले आणि हमाल गाठतात. कोणी म्हणेल, गाव फार लांब आहे, दुसरं काही मिळत नाही. अंतर अडीच-तीन किलोमीटर आहे, आणि नाक्यापासून काही मिनिटांच्या चालीवर अमन लॉज स्टेशन आहे. तिथून थेट बाजारात सोडणारी मिनी ट्रेनची शटल मिळते. काकूंना तिच्यात बसव. ई-रिक्षाही आहेत, पण मोजक्या, त्यामुळे रांग लागते. हातरिक्षा मात्र घेऊ नकोस. माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये बजावलं. मला ते मनापासून पटलं. फक्त ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा लवकर यायला हवी.

पुन्हा कधी एकटा गेलास तर रुळांच्या कडेने चालत जा. चढ सौम्य, झाडांची सावली आणि पाऊण तासात बाजार. मागून गाडीची शिट्टी आली की बाजूला व्हायचं, एवढंच भान ठेव.

चाकांची बॅग घरी ठेव. तिथली लाल माती जांभ्या दगडाची आहे. घोड्यांच्या टापांखाली तिचा भुगा होतो आणि चाकं त्यात रुततात, मग हमाल करावाच लागतो. पाठीवर मावेल तेवढंच घे. पांढरे कपडे नकोत, त्या मातीचा डाग सहजी जात नाही. बूट खोल नक्षीच्या तळव्याचे हवेत, कारण उतारावर जांभ्याचे बारीक खडे गोळ्यांसारखे पायाखालून घरंगळतात. काकूंना काठी दे.

खोली बाजाराजवळच बघ. जंगलातली हॉटेलं फोटोत देखणी दिसतात, पण चहासाठीही मैलभर चाल पडते आणि काकूंसाठी दर वेळी घोडा. फोनवर तीन गोष्टी विचार: खोलीपर्यंत पायऱ्या किती, गरम पाणी किती वाजता येतं, जेवण भाड्यात सक्तीचं आहे का. सक्तीचं असेल तर सोडून दे, बाजारात झुणका-भाकर आणि साधी थाळी मिळते. थोडी रोकड जवळ ठेव, मोबाइलची रेंज दगा देते.

घोड्यावरून एका दमात सगळे पॉइंट दाखवण्याचा सौदा घेऊ नकोस. एका वेळी एकच दिशा धर. पहिल्या संध्याकाळी पिसारनाथाचं मंदिर आणि शेजारचा शार्लोट तलाव. काकूंना तेवढं पुरे. तिथे माकडं फार. पिशवीतला खाऊ दिसला की ती झडप घालतात, तेव्हा सगळं बंद सॅकमध्ये ठेव आणि त्यांना काही देऊ नकोस. त्या सवयीनेच ती धीट झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी काकूंना झोपू दे आणि तू पॅनोरमा पॉइंटला जा. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि बाजारापासून वाट पाचेक किलोमीटरची, म्हणून पावणेसहाला निघ. जंगलात मिट्ट काळोख असतो, बॅटरी लागेलच. स्वेटर आण, माथेरान आठशे मीटरवर आहे, मुंबईहून पारा पाचेक अंशांनी खाली असतो. वर पोचल्यावर समोर विकटगड आणि पायथ्याशी नेरळ दिसेल. कठड्यापलीकडे पाऊल टाकू नकोस, कडा तुटक्या आहेत.

दुपारी लोक जेवून आडवे होतात, तेव्हा काकूंना घेऊन जवळच्याच एखाद्या सावलीच्या वाटेवर बस. अंजन, हिरडा, जांभूळ यांची गर्दी इतकी की ऊन कवडशांनीच उतरतं. २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून राखलेला आहे. हॉर्न नाही, इंजिन नाही. काकूंना विश्रांती हवी आहे ना, ती या दोन तासांत मिळेल.

बुधवारी खोली सोडून सकाळचीच शटल पकडता आली तर उत्तम. उशीर झाला की दस्तुरीला टॅक्सी भरायला प्रवासी कमी आणि मग अख्ख्या गाडीचे पैसे मोजावे लागतात. खोली पक्की करण्याआधी पायऱ्यांचं उत्तर मला फोनवर कळव.

तुझा,
मंदार